गुंता, फणी आणि आमची मॅगी

मंडळी, या शनिवारचा विषय आहे कंगवा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मागच्या आठवड्यात ऑफिसात जेवताना मी हा विषय काढला तेव्हा टेबलावरचे चौघंही हसले होते, आणि मग पुढची पस्तीस मिनिटं त्याच विषयावर भांडत बसले. त्यातल्या एकाला जवळजवळ टक्कल आहे, तरी त्याचं मत सगळ्यात ठाम होतं.

माझ्या लहानपणी आमच्या यवतमाळच्या घरात कंगवा ही सार्वजनिक मालमत्ता होती. आरशाखाली एक लाकडी फळी. त्यावर पावडरचा डबा, खोबरेल तेलाची बाटली आणि एक काळा कंगवा. आजी, आई, बाबा, ताई, मी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेला झाडून सगळा गोतावळा, सगळ्यांच्या डोक्यावरून तोच फिरायचा. टूथब्रश प्रत्येकाचा वेगळा हे आम्हाला कळत होतं, पण कंगव्याच्या बाबतीत असं काही असू शकतं हे कोणाच्या डोक्यात (म्हणजे डोक्याच्या आत) कधी आलं नाही. दात पडायला लागले की आठवडी बाजारातून तसाच दुसरा यायचा.

त्याच्या जोडीला फणी. आजी तिला 'फनी' म्हणायची. लाकडाची, दोन्ही बाजूंनी दातांची, दात इतके बारीक की त्यातून उजेडही जेमतेम जावा. रविवारी सकाळी ताईचं डोकं आजीच्या मांडीवर आणि खाली पसरलेला पांढरा कपडा, हे दृश्य माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी पाहिलं असेल. कंगवा केस विंचरायला आणि फणी उवा-लिखा काढायला, अशी कामाची सरळ वाटणी होती. उवांसाठी केस ओले करून बारीक दातांची फणी फिरवणं हा उपाय आजचे डॉक्टरही सांगतात, त्यामुळे आजी अगदी बरोबर होती. आणि ही परंपरा केवढी जुनी आहे बघा. इस्राएलमधल्या लाखीश या प्राचीन शहराच्या उत्खननात एक छोटासा हस्तिदंती कंगवा मिळाला. साधारण ३७०० वर्षांपूर्वीचा. त्यावर कनानी लिपीत काहीतरी कोरलेलं आहे हे लक्षात आलं आणि २०२२ साली ते वाचन प्रसिद्ध झालं. मुळाक्षरांच्या लिपीत लिहिलेलं, आजवर मिळालेलं सगळ्यात जुनं पूर्ण वाक्य म्हणून ते ओळखलं जातं. विषय काय? या कंगव्याने डोक्यातल्या आणि दाढीतल्या उवा जाव्यात, एवढंच. माणसाला लिहिता यायला लागल्यावर त्याने काय लिहिलं, तर उवा! मला ही बातमी वाचून फार बरं वाटलं होतं.

आपल्याकडेही कंगव्याचा मान मोठा. जुन्या घरांत बायकांची फणेरपेटी असायची, तिचं नावच फणीवरून. देवीची ओटी आणि हरतालिकेचं वाण यांतही फणी-आरसा असतो. दत्त चौकाच्या आसपास पूजेच्या सामानाच्या दुकानात आजही बोटभर लांबीची प्लास्टिकची फणी आणि नाण्याएवढा आरसा एकाच पुडीत मिळतो. देवीचे केस सरळ आहेत की कुरळे, हे मात्र कोणी विचारत नाही. एकच फणी सगळ्यांना, अगदी देवीलासुद्धा.

तर आता मुद्द्यावर येतो. माझी भाची सहावीत आहे. ताई यवतमाळातच दिलेली, आईच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. भाचीचे केस दाट आणि चांगलेच कुरळे. आमच्या घराण्यात कोणाचे नाहीत, त्यामुळे हा जावईबापूंच्या बाजूचा ठेवा आहे असं आईचं म्हणणं, आणि ती हे कौतुकाने म्हणत नाही. शाळेचा नियम असा की मुलींच्या दोन वेण्या, चापून तेल आणि लाल रिबिनी. शाळा सकाळची. म्हणजे सहा वाजता हा कार्यक्रम सुरू. मी दिवाळीत गेलो होतो तेव्हा आईकडे मुक्कामाला होती, म्हणून आवाज ऐकला.

"आजी, दुखते नं वं!"

"हालू नको. तुह्या डोक्याचं त सुगरणीचं घरटं झालं हाये."

कोरडे कुरळे केस, नेहमीचा काळा कंगवा आणि मुळापासून खाली एका दमात ओढणारा हात. कंगवा अर्ध्यात अडकायचा, मग वर काढून पुन्हा जोरात. वीस मिनिटांनी दोन वेण्या तयार, पोरीचे डोळे लाल आणि कंगव्यात केसांचा पुंजका. आईचाही जीव त्यात कष्टी व्हायचा हो. तिला दुसरी पद्धत माहीत असती तर तिने ती केली असती.

संध्याकाळी भाची माझ्याजवळ येऊन बसली. वर्गात तिला 'मॅगी' म्हणतात हे तिने आधी सांगितलं. मग म्हणाली, "मामा, वाढदिवसाला मले केस स्ट्रेट करून देशील? पार्लरमध्ये होते. आईला तू सांग."

आता माझ्या धंद्यात एक गोष्ट रोज दिसते. क्लायंट येऊन आपली अडचण सांगत नाही, त्याने स्वतःच काढलेलं उत्तर सांगतो. "इथे एक बटण द्या." बटण कशाला हवंय हे खोदून विचारावं लागतं. अकरा वर्षांच्या पोरीला सरळ केस कशाला हवेत? दोन कारणं निघाली. सकाळी दुखतं आणि मुलं चिडवतात. दुसऱ्यावर माझ्याकडे पॅच नव्हता. पहिल्यावर असावा असं वाटलं.

पार्लरचा मार्ग मला नकोच होता. केस सरळ करायच्या काही क्रीममधून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतो हे जुनं प्रकरण आहे. त्याच्या जागी ग्लायॉक्सिलिक आम्ल वापरणारी उत्पादनं आली, तर २०२४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका तरुण बाईची हकिकत छापून आली. तीन वेगवेगळ्या वर्षी केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. मोठ्या बाईने सगळं वाचून स्वतःचं ठरवावं. सहावीतल्या पोरीच्या डोक्यावर हा प्रयोग कशाला?

मग मी केसांबद्दल वाचायला लागलो. (विकेंडला लोक ट्रेकला जातात, मी हे करतो.) केस मायक्रोस्कोपखाली बघितला तर त्यावर कौलारू छपरासारखे खवले असतात, एकावर एक, तोंड टोकाकडे. सरळ केसाचा काप साधारण गोल असतो, कुरळ्याचा चपटा. डोक्याच्या त्वचेतून जे नैसर्गिक तेल सुटतं ते सरळ केसावरून घसरगुंडीसारखं खाली येतं. कुरळ्या केसाच्या वळणावळणांतून ते टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून कुरळे केस मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडे. कोरडे खवले उघडे पडतात, एकमेकांत अडकतात, आणि झाला गुंता. घरटं वगैरे काही नाही, साधं घर्षण आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ओला केस कमजोर असतो. पाण्याने त्याच्या आतले काही बंध तात्पुरते सुटतात, तो रबरासारखा ताणला जातो आणि जास्त ताणला की तुटतो. म्हणून सरळ केसवाल्यांनी न्हाऊन आल्या आल्या कंगवा मारू नये, थोडं वाळू द्यावं. कुरळ्यांचं बरोब्बर उलटं! कोरडे कुरळे केस विंचरायला इतका जोर लागतो की ओलेपणाची कमजोरी परवडते. त्यांनी केस ओलसर असताना, कंडिशनरचा हात फिरवून, रुंद दातांच्या कंगव्यानेच विंचरावेत. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संस्था हाच फरक करून सल्ला देते. आमच्या घरात सगळ्यांना एकच नियम होता, 'ओल्या केसात कंगवा घालू नये', आणि तो सरळ केसांच्या बायकांनी सरळ केसांसाठी केलेला होता. भाची त्या नियमात बसतच नव्हती.

ओप्रा विन्फ्रेचे केस सांभाळणाऱ्या आंद्रे वॉकर यांनी १९९०च्या दशकात केसांचे चार प्रकार पाडले. सरळ, लहरी, कुरळे आणि अगदी घट्ट पिळाचे. कमअस्सल वर्गीकरण आहे अशी टीका त्यावर झाली, पण दुकानात उभं राहिल्यावर उपयोगी पडतं. मात्र वळणाइतकंच जाडीकडेही बघावं. एक केस दोन बोटांत धरून चोळा. काही लागलंच नाही तर बारीक, दोऱ्यासारखा लागला तर जाड. शिवाय दाट की विरळ हा तिसरा प्रश्न. हे तिन्ही कळलं की ब्रशच्या जाहिरातीची गरज राहत नाही.

आमच्याच घराचं उदाहरण घ्या. आईचे केस सरळ, बारीक आणि आता वयाने विरळ. तिला मऊ रबरी गादीचा, टोकाला गोल गोळ्या असलेला ब्रश. गादी आत दबते म्हणून टाळूला टोचत नाही. (ही रबरी गादीची कल्पना लंडनच्या मेसन पिअरसनची, १८८५ सालची. अजून तीच चालतेय.) ताईचे केस दाट, जाड, लहरी, लांब. तिला मोठा चपटा पॅडल ब्रश, कारण छोट्या ब्रशने तेवढे केस आवरायला अर्धा तास लागतो. बाबांना काहीही चालतं. त्यांच्या शर्टाच्या खिशात घडीचा कंगवा असतो आणि तो वापरण्याइतके केस आता नाहीत, पण सवय. गोल ब्रश ड्रायरने वळण द्यायचा असतो, रोज विंचरायला नव्हे, आणि लांब केसांत तो गुंतला की कात्रीच आणावी लागते. पाठीमागे भोकं असलेला व्हेंट ब्रशही ड्रायरसाठीच. प्लास्टिकचा कंगवा हिवाळ्यात कोरड्या हवेत केसांवर स्थिर वीज चढवतो, केस भुतासारखे उभे राहतात. लाकडी कंगव्याने ते फारसं होत नाही. त्या बाबतीतही आजीची फणी पुढेच होती.

पुस्तकी उत्तर विचाराल तर बारीक सरळ केसांना सगळ्यात चांगला ब्रश म्हणजे रानडुकराच्या केसांचा. ते राठ केस टाळूवरचं तेल उचलून टोकापर्यंत नेतात. मी आईला फोनवर विचारलं, आणू का? पलीकडे बराच वेळ शांतता.

"कायचे केस म्हनते?"

"डुकराचे."

"मंग तो तू पुन्यातच राहू दे." 

विषय संपला. :-)

भाचीसाठी मात्र महागडं काहीच लागलं नाही. रुंद दातांचा लाकडी कंगवा, दातांची टोकं गुळगुळीत, मध्ये शिवण नाही. ही शिवण म्हणजे साच्यातून काढलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या कंगव्याच्या दातांवर असते ती बारीक धार. नखाने चाचपून बघा, लागते. खवले ती खरवडते. दुकानात दातांवरून बोट फिरवल्याशिवाय कंगवा घेऊ नका, आणि ऑनलाइन घेतला तर आल्यावर पहिलं काम तेच. गुंता सोडवायचे ते लवचिक दातांचे बिनदांड्याचे ब्रशही चांगले असतात. त्यातला प्रसिद्ध टँगल टीझर २००७ साली इंग्लंडमधल्या ड्रॅगन्स डेन या टीव्ही कार्यक्रमात गुंतवणूकदारांनी चक्क नाकारला होता. नंतर तो जगभर विकला गेला. स्टार्टअपवाल्यांनी हा किस्सा लक्षात ठेवावा.

पाण्याचं एक सांगायला हवं, कारण पुण्यात बसून ते सुचत नाही. यवतमाळला नळाचं पाणी निळोणा आणि चापडोह धरणांचं, पण ते रोज येईल याचा भरवसा नाही. २०१८च्या उन्हाळ्यात तर गावाने पाण्यासाठी काय काय केलं ते आठवलं तरी घसा कोरडा पडतो. त्यामुळे घरोघरी बोअर. बोअरचं पाणी जड. त्यात साबण फेसाळत नाही, उलट चुन्यासारखा थर धरतो आणि तो केसावर बसून केस राठ होतो. राठ केस, मे महिन्यातला पंचेचाळीसचा उन्हाळा, तोंडाला बांधलेला स्कार्फ आणि स्कूटी. या सगळ्यातून गेलेल्या कुरळ्या केसात बारीक दातांचा कंगवा घालणं म्हणजे काट्यात अडकलेली साडी ओढणं. आम्ही शेवटचं पाणी तेवढं नळाचं, साठवलेलं, दोन तांबे, असं ठरवलं. त्याने फरक पडला.

डिसेंबरात मी चार दिवस गेलो होतो तेव्हाचा रविवार. भाचीचं डोकं धुऊन झालं, केस पंचाने टिपले (रगडले नाहीत, टिपले), कंडिशनर लावला आणि केसांचे आठ भाग केले. मग टोकापासून सुरुवात. आधी खालचे दोन-तीन इंच, ते सुटले की थोडं वरून, मग आणखी वरून. मुळापासून ओढलं की वाटेतल्या सगळ्या गाठी खाली ढकलल्या जाऊन एकच मोठी गाठ होते. शिवाय गाठीच्या वर केस मुठीत धरायचे, म्हणजे ओढ टाळूपर्यंत जात नाही. ताई करत होती, मी यूट्यूब बघून सूचना देत होतो, जशी मॅनेजर माणसं देतात तशी. आई पलंगावर बसून निरीक्षण करत होती.

"इतके फाकलेले दात? यातून त उंदीर निंगून जाइन बाप्पा."

पंचवीस मिनिटं लागली. भाची पूर्ण वेळ टीव्हीवर कार्टून बघत होती. शेवटचा भाग झाल्यावर तिने मागे वळून विचारलं, "सुरू कधी करनार?"

आईने तो कंगवा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. बोलली काही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वेण्या घालायला तिनेच तो मागितला.

आता थोडं गंभीर. गुंता सोडवलाच नाही तर काय होतं? केस एकमेकांत घट्ट विणले जातात आणि जट होते. धुणं नाही, विंचरणं नाही, कुरळे राठ केस, आजारपण किंवा बाळंतपणात महिनोन् महिने दुर्लक्ष, एवढं पुरतं. पण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात जट म्हणजे यल्लम्माचं बोलावणं असं मानून किती मुली देवीला सोडल्या गेल्या, आणि किती बायका पाच-पाच किलोचं ओझं मानेवर घेऊन वर्षानुवर्षं झोपल्या. कापली तर देवी कोपेल ही भीती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जटमुक्तीचं काम हाती घेतलं. २०१३ साली त्यांचा खून झाला, पण कार्यकर्त्या आजही घरोघर जाऊन बायकांना समजावतात, त्यांच्या संमतीने जट कापतात. हे आपल्याकडेच आहे असंही नाही. पोलंडमध्ये अशा जटेला आजाराचं लक्षण मानत, ती कापली तर रोग अंगात उलटेल म्हणत. एकोणिसाव्या शतकात क्राकोचे डॉक्टर युझेफ दीट्ल यांनी त्या समजुतीविरुद्ध मोहीम चालवली, पुढे ते त्या शहराचे महापौर झाले. मला यात सगळ्यात जास्त डाचतं ते हे की यातल्या कित्येक गोष्टी कोणीतरी वेळेवर, न दुखवता विंचरून दिलं असतं तर सुरूच झाल्या नसत्या.

शाळेचं काय झालं, विचाराल. ताई वर्गशिक्षिकेला भेटायला गेली. तयारीत गेली होती, भांडायच्याच. म्हणणं एवढंच की केस बांधलेले असतील, स्वच्छ असतील, पण दोन घट्ट वेण्या आणि थापलेलं तेल यासाठी रोज कोरडे केस ओढावे लागतात, ते आम्ही करणार नाही. मॅडम ऐकत होत्या. त्यांचे स्वतःचे केस कुरळे, तेलाने चापून, दोन्ही बाजूंना चार-चार पिना लावून बसवलेले. ऐकून झाल्यावर म्हणाल्या की एक सैल वेणी चालेल, मी वर सांगते, रिबीन मात्र लालच पाहिजे. आणि ताई निघताना दारापर्यंत येऊन हळूच विचारलं, "कंगवा कुठून घेतला हो?"

'मॅगी' अजून आहे. स्ट्रेटनिंगचा विषय दहावीनंतर बघू असं मायलेकींत ठरलंय. तोवर ती विसरेल असं ताईला वाटतं. मला नाही वाटत.

जाता जाता साफसफाईचं राहिलं. ब्रशमधले केस रोज काढा आणि आठवड्यातून एकदा शाम्पूच्या कोमट पाण्यात बुडवून काढा. गादीचा ब्रश असेल तर पाणी गादीत जाऊ देऊ नका, वाळवताना तोंड खाली करून ठेवा. लाकडी कंगवा भिजत घालू नका, ओल्या फडक्याने पुसून थोडं खोबरेल चोळा. ब्रश साफ करायचा वैताग जुनाच आहे. १८९८ साली न्यूयॉर्कमधल्या लिडा न्यूमन या कृष्णवर्णीय केशरचनाकार बाईंनी पेटंट घेतलं ते याच कामासाठी, ब्रश उघडून आतली घाण काढता यावी म्हणून. माझ्या बायकोचा ब्रश मी काल उघडून पाहिला. आतून जे निघालं त्याचं वर्णन जेवणाआधी वाचणाऱ्यांसाठी टाळतो.